‘हायपरहायड्रिसिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

टिशू कल्चर लॅबमधल्या (बंद बाटल्यांत रोपं वाढवतात तिथल्या) मुलींसाठी बाटल्या कशा तपासायच्या त्याची मराठी माहिती लिहितेय. त्यात रोपात जास्त पाणी साठण्याच्या या दोषाला ‘अतिजलता’ लिहिलं तर एकीने विचारलं, म्हणजे पाणी जास्त घातलं का ताई? दुसरा शब्द आहे का?

— तिची शंका अगदी रास्त आहे, बंद बाटलीत पाणी कोण घालतंय! आधी याला व्हिट्रिफिकेशन म्हणायचे, लॅटिनमधे व्हिट्रम म्हणजे काच, कारण रोप तसंच दिसतं, पानं जाड, वळलेली, आरपार आणि चिमटा लागला की मोडतात. पण उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमधे ऊती साठवताना बर्फाचे स्फटिक न होता काचेसारखं घट्ट होणं, त्यालाही तोच शब्द, मग गोंधळ व्हायला लागला म्हणून १९९२ मधे डेबर्ग आणि सहकाऱ्यांनी रोपांसाठी हायपरहायड्रिसिटी वापरा असं सुचवलं.

मराठीत काचेवरून ‘काचणं’ करता येत नाही, ते चपलेचं, दोरीचं. पाणावतात डोळे, पाणथळ असते जमीन. मी ‘पाणी धरणं’ म्हणेन. फोडात पाणी धरतं तसं रोपाने पाणी धरलंय. पेशींमधल्या हवेच्या जागेतच पाणी भरतं, त्यामुळे हे शब्दशः खरं आहे, आणि दोष पाणी घालणाऱ्यावर जात नाही.

— ‘काचेरी’ का नको? बघताक्षणी कळतं.

— ओळखायला चांगलाय, पण ‘काचेरी’ म्हटलं की मुली ती बाटली बाजूला काढून मोकळ्या होतात, ‘पाणी धरलंय’ म्हटलं की लगेच विचारतात कशामुळे, आणि मला तेच हवंय. कारण मग मीडिया (रोप ज्यात वाढतं ती पोषक जेली) बघितला जातो: जेली घट्ट करणारा अगार कमी पडलाय का (लिटरला ६ ग्रॅमचा ८ करून बघा), बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) जास्त झालंय का, एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या मीडियात अमोनियम नायट्रेट लिटरला १६५० मिलिग्रॅम असतं ते काही पिकांना कमी करावं लागतं. झाकण घट्ट असेल तर आत दमट हवा आणि इथिलीन वायू साठतो, तिथे फिल्टरवालं झाकण लावा. कार्नेशनवाल्यांना हे विशेष छळतं. अशी रोपं तशीच हार्डनिंगला (बाहेरच्या हवेची सवय करायला) नेऊ नका, पानावर मेणाचा थर नीट नसतो, पर्णरंध्रं धड मिटत नाहीत, बाहेर काढल्यावर बघता बघता माना टाकतात.

— मग ‘पाणी धरणं’च लिहिते, कंसात काचेरी.