तेरडा : जाती की प्रजाती?

रानफुलांवरचा एक लेख तपासतेय. त्यात वाक्य आहे, ‘तेरडा ही वर्षायू, देशी प्रजाती आहे.’ इथे ‘प्रजाती’ बरोबर की ‘जाती’? आणि ‘देशी’ऐवजी ‘प्रदेशनिष्ठ’ चालेल का?

— ‘जाती’च हवं. बातम्यांमध्ये स्पीशीजला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात, पण मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी पाहा: तिथे स्पीशीज म्हणजे जाती, जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती आणि फॅमिली (प्रजातींचा गट) म्हणजे कुल. तेरड्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेलं. त्यातला पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचं नाव.

तेरड्यापुरता तर हा फरक पाळायलाच हवा. बाल्समिनेसी कुलात प्रजाती दोनच, इम्पेशन्स आणि हायड्रोसेरा. पहिलीत हजाराहून जास्त जाती, दुसरीत फक्त एक. ‘या कुलात दोन प्रजाती’ हे वाक्य बातमीच्या सवयीने वाचलं, तर जगात तेरडे दोनच आहेत असं वाटेल! (जुन्या ग्रंथांत तेरडा जिरॅनिएसी कुलात सापडेल, तेव्हा दचकू नका.)

— ‘प्रदेशनिष्ठ’ नको. जी वनस्पती एका ठरावीक प्रदेशाबाहेर निसर्गतः उगवतच नाही, ती प्रदेशनिष्ठ. कासच्या पठारावर दिसणारा इम्पेशन्स लॉई तसा आहे, पश्चिम घाटापुरता. तोही बोलीत तेरडाच. साधा तेरडा मात्र इथला असला तरी फक्त इथला नाही. ‘देशी’ राहू द्या. फारच ग्रांथिक हवं असेल तर ‘एतद्देशीय’.

— तेरड्यांची गल्लत टाळायची तर पानं बघावीत. साध्या तेरड्याची पानं एकाआड एक, कडेला दाते असलेली. इम्पेशन्स अपोझिटिफोलिया या दुसऱ्या तेरड्याची अरुंद आणि समोरासमोर, नावातच ते आलंय.

— ‘इम्पेशन्स’चा अर्थही सांगायला हवा: अधीर. पावसाळा सरताना तेरड्याचं लव असलेलं, फुगीर हिरवं फळ चिमटीत धरून बघा. बोट लागतं न लागतं तोच ते फुटतं, सालीचे पाच भाग आत गुंडाळले जातात आणि बिया उडतात. तळहातावर ती वळवळ चांगली जाणवते. हे नाव मला फार आवडतं, कारण आपल्या ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ने फुलाचं अल्पायुष्य पकडलं आणि लॅटिनने फळाची घाई. म्हण फुलाला लागू पडते. रोप मात्र आठवडेच्या आठवडे नवी फुलं देत राहतं, तेव्हा लेखात ‘तेरडा तीन दिवस फुलतो’ असं कुठे असेल तर तेही काढा.

— होतं खरं, तिसऱ्याच परिच्छेदात! काढलं. वाक्य आता असं: ‘तेरडा ही इम्पेशन्स प्रजातीतली वर्षायू, देशी जाती आहे.’