फीड गाळून चांगली चर्चा सापडते का?

उंटावरून (धागालेखक)
तीन महिने झाले, एक्स (पूर्वीचं ट्विटर) उघडलं की ‘फॉर यू’कडे, म्हणजे कंपनीचा अल्गोरिदम निवडून देतो त्या फीडकडे, ढुंकून बघत नाही. पन्नासेक माणसांची एक लिस्ट केली आहे. शिवाय शोधपट्टीत दोन अटी कायमच्या टाकून ठेवल्यात: किमान दहा प्रतिसाद हवेत, आणि लिंकवाल्या पोस्टी वगळायच्या. लिंक डकवून पळणारे तिथेच गळतात.

परवा यातूनच एक रत्न हाती लागलं. कोणीतरी विचारलं होतं, जुन्या पुस्तकांची पानं पिवळी का पडतात. लाइक चार, प्रतिसाद एकतीस! लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन हवा-उजेडानं कसं बदलतं, कागदातलं आम्ल त्याला आतून कसं पोखरतं, चिंध्यांपासून बनवलेला त्याहून जुना कागद आजही पांढरा का, असं दोन अनोळखी माणसं तासभर एकमेकांना समजावत होती. ‘फॉर यू’नं हे मला जन्मात दाखवलं नसतं. माझं मत: फीड ज्याचं त्यानं गाळावं, कंपनीवर सोडू नये.

कोरा कागद
रत्न दाखवलंत, गाळ नाही दाखवलात. दहाच्या वर प्रतिसाद कशाला येतात? भांडणाला! ट्विटरनं मार्च २०२३ मध्ये कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवणारा कोड खुला केला, त्यात एका लाइकचं वजन होतं ०.५ आणि प्रतिसादाचं १३.५. म्हणजे सत्तावीसपट. तुम्ही अल्गोरिदमवर रुसून घर सोडलंत आणि निघताना त्याचंच सूत्र खिशात घालून आणलंत.

फेसबुकनंही २०१८ च्या जानेवारीत हेच केलं. ‘लोकांनी एकमेकांशी बोलावं’ म्हणून चर्चा होणाऱ्या पोस्टी वर चढवल्या. त्याआधी २०१७ पासून इमोजींना लाइकच्या पाचपट वजन होतं, संतापलेल्या तोंडालाही. पुढे त्या तोंडाचं वजन शून्यावर आणावं लागलं. संवाद वाढला की कटकट, हे ज्यानं त्यानं आपल्या फीडला विचारावं.

उंटावरून
सूत्राचा टोला मान्य, लागला. पण त्याच कोडमध्ये पुढची ओळ वाचलीत का? आलेल्या प्रतिसादाला मूळ लेखकानं दाद दिली, तर वजन ७५. मला नेमकं तेच हवंय. पोस्ट टाकणारा खाली उतरून बोलतोय का? पानांच्या चर्चेत प्रश्न विचारणारी बाई सहा वेळा परत आली होती, त्यात दोनदा ‘हे नाही कळलं’ म्हणायला. शोधपट्टीत याची अट घालता येत नाही, म्हणून मी पोस्ट उघडून आधी मूळ नाव खाली किती वेळा दिसतं ते बघतो.

निवांत
आणि ते ७५ जगजाहीर झाल्यावर काय झालं? जो तो प्रत्येकाला ‘धन्यवाद सर’, ‘अगदी बरोबर’ म्हणत सुटला. कुठलंही माप चव्हाट्यावर आलं की लोक मापापुरतं वागतात.

माझा उपाय जुनाट आहे: माणसं निवडा, क्रमानं वाचा, संपलं की उठा. निवडलेल्या साइटींचं नवं लेखन एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा हळहळलो होतो, पण त्यामागचं आरएसएस (साइटीवरचं नवं लेखन आपल्यापर्यंत आणणारं तंत्र) अजून चालतं. मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच दुसऱ्या नेटवर्कवर तर घरचं फीड येतं तसं, वेळेच्या क्रमानं.

सुतावरून
@निवांत, क्रमानं वाचणं म्हणजे गाळणं नाही असं कुणी सांगितलं? त्यात दिवसाला चाळीस पोस्टी टाकणारा जिंकतो. आठवड्यातून एकदाच, पण मुद्द्याचं लिहिणारी व्यक्ती त्यात वाहून जाते. आणि फक्त ओळखीची माणसं निवडलीत, तर कागदावर बोलणारे ते दोन अनोळखी तुम्हाला भेटले असते का?

मला ब्लूस्काय या एक्ससारख्याच आणखी एका नेटवर्कची तऱ्हा पटते. २०२३ पासून तिथे कोणीही स्वतःचं फीड बनवून इतरांना देऊ शकतं. नियम पटला नाही तर दुसऱ्याचं फीड घ्या. (नियम उघडून वाचणारे किती, ते सोडा. मीही वाचलेला नाही.)

कोरा कागद
म्हणजे कंपनीऐवजी अनोळखी माणसावर भरवसा. प्रगती आहे.

सुतावरून
बदलता येतो ना! फरक तोच आहे.

निवांत
@सुतावरून, चाळीसवाल्याला म्यूट करतो मी. पण अनोळखी दोघांचा मुद्दा बिनतोड. ते मला भेटले नसते.

@उंटावरून, एक सुचवू? ‘किमान शंभर प्रतिसाद’ अशी आणखी एक अट घालून तिच्या आधी वजाचं चिन्ह लावा, ती ‘कमाल’ होते. दहाच्या वर पण शंभराच्या खाली, असं करून बघा. शेकड्यांत गेली की चर्चा बहुधा राहत नाही, जत्रा होते.

उंटावरून
केलं. कालच्या यादीतल्या तीन राड्याच्या पोस्टी गेल्या, त्यातल्या एकीवर तीनशेच्या वर प्रतिसाद होते. पिवळी पानं शिल्लक आहेत.

कोरा कागद
आणि त्या तीनशेत मधेच कुठे दोघं शहाण्यासारखं बोलत असतील तर?

उंटावरून
असतील. ते मला दिसणार नाहीत.