आजोबांच्या ट्रंकेतील कागद आणि गावाची आठवण : इतिहासात काय लिहावे?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयासाठी गावाचा इतिहास लिहिण्याचे काम आम्ही चौघांनी अंगावर घेतले आहे. त्यासाठी घरची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तीत एकाच शेताचे तीन कागद निघाले. पणजोबांचे खरेदीखत मोडीत, आजोबांच्या नावचा उतारा बाळबोध मराठीत आणि वडिलांच्या नावचा कन्नडमध्ये. शेत तेच, बांध तोच; पण पणजोबांचा कागद वडिलांना वाचता येत नव्हता आणि वडिलांच्या नावचा कागद आजी शेजारच्या मुलाकडून वाचून घेत असे.

खरी अडचण पुढेच आहे. आजी सांगते की आजोबा छप्पन साली सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. गावातील आणखी तीन वृद्ध छप्पनच सांगतात. ट्रंकेतील सुटकेचा दाखला मात्र डिसेंबर १९५८ चा आहे. पुस्तकात काय लिहावे? दाखला पुढे करून आजीला खोटे पाडणे जिवावर येते. शिवाय हे कागद पुण्याला द्यावेत, बेंगळुरूला द्यावेत की गावातच ठेवावेत, यावरही आमचे एकमत होत नाही.

जुना रुमाल (बेळगाव)

मी बरीच वर्षे मोडी वाचतो आहे, म्हणून आधी कागदांविषयी लिहितो. दफ्तर हे लोकांची आठवण राहावी म्हणून तयार झालेले नसते. कोणाला तरी काहीतरी वसूल करायचे असते किंवा ठरवायचे असते, म्हणून ते तयार होते. आपल्याच भागाचे पाहा. कंपनी सरकारने १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलखातील इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. कोणाची जमीन सारामाफ राहू द्यायची आणि कोणाच्या जमिनीवर सारा बसवायचा, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी इनामदार-वतनदारांकडून सनदा आणि हिशेब मागवले गेले, आणि आज अभ्यासक त्या काळाविषयी जे आधाराने लिहितात, त्यातील पुष्कळ कागद या तगाद्यातून जमलेले आहेत. ज्याच्याकडे इनाम नव्हते त्याला कोणी कागद मागितला नाही, आणि म्हणून तो आज दफ्तरातही भेटत नाही.

त्यावर निवडीचा आणखी एक थर चढतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून ४५ खंडांत छापले गेले. ते काम प्रचंड होते आणि त्याचे ऋण मोठे आहे. परंतु पुढच्या काळातील लेखन छापलेल्या कागदांभोवतीच अधिक फिरले आणि हजारो रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बांधलेलेच राहिले.

गावच्या कागदांचे दैव याहून वाईट. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे दफ्तर सांभाळण्याचा वंशपरंपरागत हक्क, संपले. नवी दफ्तरे तलाठ्याकडे गेली, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे जुने कागद अनेक घरांत माळ्यावर पडून राहिले. एका वाड्यातील दोन पोती मोडी कागद रद्दीच्या तराजूवर चढताना मी स्वतः पाहिले आहेत. मी पोहोचलो तोवर वरचे काही कागद पुड्या बांधायला गेले होते. त्या दोन पोत्यांत काय होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की ट्रंकेतील कागद विषयवार लावू नका. कोणता कागद कशाच्या खाली, कोणत्या फडक्यात, कशासोबत होता, ते आधी लिहून ठेवा आणि त्याच क्रमाने छायाचित्रे घ्या. खरेदीखताशेजारी औषधाची चिठ्ठी निघाली तर तीही तिथेच राहू द्या. जमीन का विकली याचे उत्तर कधीकधी त्या चिठ्ठीत असते. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

निपाणीची लेक

रुमालकाकांचे म्हणणे मला घरच्या अनुभवावरून पटते. माझी आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करायची. काही वर्षांपूर्वी तशाच एका वखारीची जुनी खतावणी मला पाहायला मिळाली. बोदांची (तंबाखूच्या गठ्ठ्यांची) संख्या, वजन, व्यापाऱ्याचे नाव, गाडीभाडे, सगळे सुवाच्य अक्षरात होते. मजुरीच्या ओळीत मात्र ‘बायका १४’ एवढेच. त्या चौदांत माझी आजी असेल किंवा नसेलही. तंबाखू झाडताना तोंडाला पदर बांधूनही रात्रभर खोकला यायचा, हे ती सांगायची. ते खतावणीत कुठून येणार? तेव्हा दाखल्यात तारीख आहे म्हणून तोच पूर्ण इतिहास, असे कृपया मानू नका.

इतिहासाचा शिक्षक (बेळगाव)

मलप्रभाकाठ, पुस्तकात साल १९५८ हेच द्यावे. दाखला त्याच वेळी, त्याच कामासाठी तयार झालेला आहे आणि त्यात साल बदलण्याचे कोणाला कारण नव्हते. पण आजीचे ‘छप्पन’ गाळू नये, कारण ती निव्वळ विसरभोळेपणाची चूक नाही. इटलीतील तेर्नी गावात १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मारला गेला. पुढे तेथील अनेक कामगार हा मृत्यू १९५३ सालचा म्हणून सांगत, कारण त्या वर्षी पोलाद कारखान्यातून मोठी कामगारकपात झाली होती आणि गावाच्या मनात खरी जखम तीच होती. मृत्यू त्या जखमेपाशी सरकला.

आपल्याकडे १७ जानेवारीला सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन होते आणि सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला म्हणून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जातो. दोन्ही तारखा १९५६ च्या आहेत. दरवर्षी जे साल कानावर पडते, त्याच सालाकडे घरची आठवणही ओढली जाते. त्याच १ नोव्हेंबरला आपले कन्नड शेजारी राज्योत्सव साजरा करतात, आणि त्यांच्या घरची आठवण वेगळ्या सुरात सांगितली जाते. गावाच्या इतिहासात तीही नोंदवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एक भीती मनापासून सांगतो. सीमाभागात कागद हाती आला की तो आपल्या बाजूचा पुरावा आहे का, एवढेच आपण पाहतो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस होती. तेव्हापासून गाव म्हणजे यादीतील एक आकडा झाला. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भजनात दोन्ही, अशा घराला जनगणनेच्या मातृभाषेच्या एका रकान्यात जागा नसते. बेळगावच्या जिनालयाला (जैन मंदिराला) रट्ट घराण्याच्या राजवटीत मिळालेल्या दानाचे १२०४ सालचे दोन कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेही आपल्याच गावचे कागद म्हणायचे, मग ते कोणाच्या दाव्याला सोयीचे असोत वा नसोत.

कागद कोठे ठेवावेत, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मूळ कागद घरात, छायाचित्रांची एक प्रत वाचनालयात आणि एक पुण्यात किंवा कोल्हापुरात एखाद्या संशोधनसंस्थेकडे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळे तिकडच्या घरांतही तुमच्या गावचे धागे सापडतील. जरूर विचारा.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवून आजीला साल न विचारता फक्त ‘आजोबा गेले तेव्हा शेतात काय होते?’ असे विचारले. ती लगेच म्हणाली की भात पिकून आडवे व्हायला आले होते आणि घरात कापायला पुरुषमाणूस नव्हते. दाखल्यावरचा डिसेंबर आणि तिची सुगी बरोबर जुळली. मग तिने आपणहून, बोटे मोजत, सात बायकांची नावे सांगितली. त्या सातजणी स्वतःचे शेत तसेच ठेवून आधी आमचे भात कापायला आल्या होत्या, आणि त्यांतील दोघी कन्नड घरच्या होत्या. ‘त्यांची नावं घाल पुस्तकात,’ असे तिने दोनदा बजावले. ट्रंकेतील एकाही कागदावर ती नावे नाहीत.