न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया, गाडीमागे ७,००० पौंडी ट्रेलर: जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं न्यू जर्सीहून बे एरियात राहायला जातोय. मूव्हर्सऐवजी ट्रेलर घेतलाय: ७ बाय १४ फुटी, बंदिस्त, दोन अ‍ॅक्सल, इलेक्ट्रिक ब्रेक, रिकामं वजन २,१०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) ७,०००. गाडी तीन रांगांची एसयूव्ही, माहितीपत्रकात टोइंग क्षमता ७,२०० दिलीय. म्हणजे ट्रेलर गच्च भरला तरी २०० पौंड हातचे राहतात, बरोबर ना? हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा) कुठली घ्यायची, टायरचं काय बघायचं, आणि महामार्ग आय-८० की आय-४०?

— मृ.

---

मृ. ताई, नमस्कार.

बरोबर नाही. हा घोटाळा बहुतेकांचा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

७,२०० हा आकडा बाजूला ठेवा. चालकाचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेचं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड, आणि गाडी आधी इथेच कमी पडते. समजा तो १,४०० आहे. चार माणसं ५२०, गाडीतल्या बॅगा १८०, भार पुढच्या चाकांवरही वाटणारी हिच ९०. झाले ७९०, उरले ६१०. या ६१० मध्ये ट्रेलरचा टंग वेट, म्हणजे हिचच्या बॉलवर येणारा भार, बसला पाहिजे. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो. ६,८०० पौंडांच्या ट्रेलरला १२ टक्क्यांनी ८१६ होतात. म्हणजे ट्रेलर जोडला की गाडी २०६ पौंडांनी ओव्हरलोड. उलटा हिशेब केला तर १२.५ टक्क्यांनी ६१० पौंडांत ४,८८० चा ट्रेलर बसतो. त्यातून रिकामे २,१०० वजा करा. सामानाला उरले जेमतेम २,७८०.

आता ट्रेलरमध्ये मावतं किती? ७ × १४ × साडेसहा फूट उंची म्हणजे ६३७ घनफूट. घरसामानाला मूव्हर्स घनफुटाला ७ पौंड धरतात, म्हणजे सुमारे ४,४५० पौंड. तुमचा ट्रेलर छतापर्यंत भरायच्या खूप आधी वजनाने भरेल. अर्धा रिकामा दिसला तरी थांबायचं.

अंदाजावर जाऊ नका. बाथरूमच्या काट्यावर प्रत्येक खोका ठेवा, मार्करने वजन लिहा, वहीत बेरीज करत जा. पुस्तकं दीड घनफुटी छोट्या खोक्यातच भरा; तेवढ्यातच ४०-५० पौंड होतात. जी पुस्तकं नेणं आवश्यक आहे ती पोस्टाच्या मीडिया मेलने पाठवा, खोक्याला ७० पौंडांपर्यंत चालतं. स्टीलची भांडी मात्र मीडिया मेलमध्ये घेत नाहीत, आणि तीच सगळ्यात दगा देतात: खोका लहान, वजन भलतंच.

भरताना ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात, जड वस्तू तळाला आणि अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे. वॉशिंग मशीन, पुस्तकांचे खोके, वेट ग्राइंडरचे दगड तिथे. गाद्या-उशा मागे आणि वर. फ्रंट-लोड मशीनचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय ते हलवू नका, ड्रम लोंबकळून सस्पेन्शन तुटतं. रॅचेट पट्ट्यांवर दोन आकडे असतात: दोन इंची पट्टी तुटायची ताकद १०,००० पौंड असेल, तर कामाचा भार ३,३३३. दुसराच आकडा खरा माना.

निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर तीनदा वजन करा: जोडून आणि हिचचे, भार वाटणारे स्प्रिंग बार लावून, जोडून पण बार काढून, आणि ट्रेलर बाजूला ठेवून नुसती गाडी. माणसं तिन्ही वेळा गाडीत आणि टाकी भरलेली. पावत्या इथे टाका, वाचून सांगतो.

— वि. काका

---

मृ. ताई,

वि. काकांच्या हिशेबात एक भर. भार वाटणारी हिच घ्याच, पण ती ट्रेलर डुलणं थांबवते असं समजू नका. ती गाडीच्या पुढच्या चाकांवरचा उतरलेला भार परत आणते. डुलण्याचं मूळ टंग वेट कमी असण्यात आणि वेगात असतं. काही हिचमध्ये घर्षणाचा डुलणं-रोधक असतो, तो मदत करतो. पण मागे भरलेला ट्रेलर त्याने सरळ होत नाही. भाड्याच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात, म्हणजे कप्लर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) मागे सरकून ब्रेक दाबला जातो. तिथे अशी हिच बसवण्याआधी ट्रेलरवाल्याचे नियम वाचा. तुमचे ब्रेक इलेक्ट्रिक आहेत, ती अडचण नाही.

बॉलचा आकार कप्लरवर ठोकलेला असतो: २ इंच किंवा २ ५/१६. दोन इंची बॉलवर २ ५/१६ चं कप्लर छान बसल्यासारखं दिसतं, लॅचही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघून येतं. लॅच लावली, पिन घातली, की जॅकने ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढचा दांडा, वर उचला. गाडीचा मागचा भाग दोन-तीन इंच सोबत वर आला पाहिजे. कप्लर एकटंच उचललं गेलं तर बसलेलं नाही. रोज सकाळी हे करा, एक मिनिट लागतं.

साखळ्या कप्लरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या, म्हणजे जीभ सुटली तरी त्यांच्या झोळीत पडते. ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, बारीक वायर साखळीला नाही, हिचलाही नाही, गाडीच्या सांगाड्याला. घरीच त्या वायरची पिन ओढून बघा: ट्रेलरची चाकं जाम झाली पाहिजेत. नाही झाली तर बहुधा त्याची १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली आहे. लगेच पिन परत घाला.

गाडीला सात पिनांचा सॉकेट लागेल. चार पिनांच्या सॉकेटमध्ये ब्रेकची तार नसतेच. इंडिकेटर दिला की दुसरेच दिवे लुकलुकायला लागले तर बहुतेक वेळा पांढऱ्या तारेचं, म्हणजे ग्राउंडचं, टोक गंजलेलं असतं. पॉलिश पेपरने घासून घट्ट करा.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचा, म्हणजे गाडी जितक्या जोरात थांबते तितकाच ट्रेलरचा ब्रेक लावणारा, घ्या. लावल्यावर मोकळ्या कोरड्या रस्त्यावर, ट्रेलर भरलेला असताना, ताशी २५ मैलांवर फक्त कंट्रोलरवरचा हाताचा ब्रेक दाबा. ट्रेलर ठाम ओढ देईपर्यंत गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, वाढवा. चाकं जाम होऊन घासली तर एक पायरी खाली. रिकाम्या ट्रेलरवर केलेली सेटिंग भरलेल्याला पुरत नाही.

टायर हा दुसरा कच्चा दुवा. कडेवर एसटी, म्हणजे खास ट्रेलरचा टायर, असं लिहिलेलं असलं पाहिजे. २०५/७५आर१५ मापात लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी ५० पीएसआयला १,८२० पौंड पेलतो, डी ६५ पीएसआयला २,१५०. हवा गार टायरमध्ये, कडेवर लिहिलेल्या कमालइतकी भरायची. कमी हवेने टायर वाकून वाकून आतून तापतो आणि त्याचा पट्टा सोलून निघतो. एसटी टायर बहुतांश असेच जातात, खिळ्याने नाही. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक पहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर दिसायला नवा असला तरी बदला. वेगाचं अक्षर नसलेल्या जुन्या एसटी टायरला ६५ मैलांची मर्यादा धरा.

चाकांचे नट टॉर्क रेंचने: अर्ध्या इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड. १०, २५ आणि ५० मैलांनी पुन्हा. चाक नवीन बसवल्यावर नट हमखास सैल होतात, गाडीच्या चाकासारखं एकदा आवळून विसरता येत नाही.

बेअरिंगमध्ये ग्रीस वर्षाला किंवा १२,००० मैलांना. हबच्या टोपीतून ग्रीस पंप करायची सोय असेल तर हात आखडता घ्या. जादा ग्रीस मागच्या सीलमधून ब्रेकच्या शूवर उतरतं आणि त्या चाकाचा ब्रेक संपतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. प्रत्येक थांब्यावर चारही हबचे आकडे बघा. आकडा किती यापेक्षा चौघांत एकच ४०-५० अंशांनी वेगळा आहे का, हे महत्त्वाचं. एक गरम म्हणजे बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. एक गार म्हणजे त्या चाकाचा ब्रेक लागतच नाहीये.

— सु.

---

वि. काका, सु. ताई, खूप आभार. ७९० चा हिशेब तंतोतंत जुळला. स्टिकरवर पेलोड १,४२०, गाडीचा जीव्हीडब्ल्यूआर ६,७३०, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ३,८५०. खोके कमी करून काट्यावर गेलो. पावत्या (पुढचा अ‍ॅक्सल, मागचा, ट्रेलर):

नुसती गाडी: २,९८० / ३,१२०
जोडून, बार न लावता: २,७४० / ३,९२० / ४,३४०
जोडून, बार लावून: २,८६० / ३,७२० / ४,४२०

आता निघू का?

— मृ.

---

ताई, छान केलंत.

नुसती गाडी ६,१००. बार न लावता गाडीच्या दोन अ‍ॅक्सलची बेरीज ६,६६०. फरक ५६०, तोच टंग वेट. एकूण ११,००० मधून ६,१०० गेले, ट्रेलर ४,९००. म्हणजे ११.४ टक्के. चालेल. पण दोन खोके, साधारण शंभर पौंड, मागून पुढे सरकवा. वाऱ्याच्या प्रदेशात १२ च्या वर असलेलं बरं. पेलोडमध्ये त्याला जागा आहे.

बारशिवाय मागचा अ‍ॅक्सल ३,९२०, मर्यादेच्या ७० वर. बार लावल्यावर ३,७२०. म्हणजे बार तुमच्यासाठी शोभेचे नाहीत, एक दिवसही त्यांच्याशिवाय निघू नका. पुढून २४० उतरले होते, १२० परत आले: निम्मे. किती परत यायला हवेत ते प्रत्येक गाडीच्या पुस्तकात वेगळं असतं, ते पान बघा. बार जास्त कसले तर मागची चाकं ओल्या रस्त्यावर हलकी पडतात. एकूण ११,००० हे जीसीडब्ल्यूआरच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजनाच्या, आत आहे ना, तेही त्याच पुस्तकात. खोके सरकवल्यावर पुन्हा काट्यावर या. त्याच काट्यावर २४ तासांत फेरवजन स्वस्तात होतं.

रस्ता: नोव्हेंबरात माझं मत आय-४०, म्हणजे आय-७८, आय-८१ करून टेनेसीत आय-४० धरायचा, बार्स्टोला सोडून ५८ नंबरने तेहाचापीमार्गे पुढे. दोनेकशे मैल जास्त पडतील. आय-८० ला लॅरामी ते रॉलिन्स, एल्क माउंटनचा पट्टा आहे. तिथे बर्फ नसतानाही वाऱ्यामुळे वायोमिंग उंच आणि हलक्या वाहनांना रस्ता बंद करतं, आणि तुमचा ट्रेलर त्याच जातीचा आहे. पुढे डॉनर समिट, ७,२३९ फूट, बर्फात चाकांना साखळ्या लावायचे नियम लागू झाले की ट्रेलरसकट अडकलात. आय-४० ची सर्वात उंच जागा फ्लॅगस्टाफच्या पश्चिमेला ७,३३५ फूट, तिथेही बर्फ पडतो, पण चढ-उतार सौम्य आहेत. न्यू मेक्सिकोत आणि तेहाचापीला वारा असतोच. रोज सकाळी हवामान बघून मगच निघा, एक दिवस मोटेलात गेला तरी चालेल.

उतारावर गाडीचा टो/हॉल (ओढायचा) मोड लावून, शिखर यायच्या आधी गिअर खाली. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वेग ६० झाला की ठाम दाबून ५० वर आणा, सोडा, इंजिनला धरू द्या. सतत घासलेला ब्रेक तापून गुळगुळीत होतो आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही.

मोठा ट्रक तुम्हाला ओलांडताना ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग आत ओढला जातो. स्टीअरिंग सैल पण स्थिर धरा. खरंच डुलायला लागला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टीअरिंगने पाठलाग करू नका, फक्त कंट्रोलरचा हाताचा ब्रेक हळू दाबत ट्रेलरला मागे ओढू द्या. कंट्रोलर उजव्या हाताशी न बघता सापडेल असाच बसवून घ्या. ज्या वेगाला डुलला त्याच्या दहा मैल खाली राहा आणि पुढच्या एक्झिटला भार तपासा.

५५-६० ने दिवसाला ४५० मैल पुरेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ ची मर्यादा आणि उजव्या लेन. मायलेज निम्म्यावर येईल, टाकी अर्धी झाली की भरा. रात्री ट्रेलरचं मागचं दार भिंतीला टेकवून लावा, उघडायला जागाच राहत नाही. कप्लरला कुलूप हवंच.

— वि. काका

---

ताई, शेवटचं एक, कारण तुम्ही न्यू जर्सीहून निघताय. तिथून बाहेर नेताना अंगणातल्या वस्तूंवर स्पाँजी मॉथ या पतंगाची अंडी नाहीत याची तपासणी संघीय नियमाने बंधनकारक आहे; स्वतः तपासून यूएसडीएची (अमेरिकी कृषी खात्याची) यादी भरून सोबत ठेवता येते. स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाचे किडे या दिवसांत अंडी घालतात: इंचभराचा राखाडी, वाळलेल्या चिखलासारखा डाग. मुलांच्या सायकली, बागेतल्या खुर्च्या, ग्रिल आणि खुद्द ट्रेलरच्या सांगाड्याखाली, मडगार्डच्या आत टॉर्च मारून बघा. सापडला तर जुन्या कार्डाने खरवडून सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका, नुसता जमिनीवर पाडू नका.

आय-४० वर नीडल्सजवळ कॅलिफोर्नियाची कृषी तपासणी चौकी आहे, तिथे झाडांबद्दल विचारतात. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबावरच्या सिलिड किडीला तो आवडतो, म्हणून कुंडी तिथे काढून घेतली जाऊ शकते. निघण्याआधी शेजारी कुणाला तरी द्या.

— सु.