शब्दचर्चा : पावणेदोन वाजले आणि पावणेदोन तास

प्रश्न : ‘पावणेदोन वाजले’ म्हणजे ‘क्वार्टर टू टू’. मग ‘पावणेदोन तास लागले’ हे कसं सांगायचं? आणि पाऊण, दीड, अडीच यांना इंग्रजीत खास शब्द आहेत का?

– खास शब्द नाहीत. आपले सव्वा, साडे, पावणे मुळात मापाचे. किलोला चालतात, मीटरला चालतात, वाजण्यालाही चालतात. इंग्रजीत वाजलेलं सांगायला ‘पास्ट’ आणि ‘टू’, पण लागलेल्या वेळेला ते चालत नाहीत. त्यामुळे पावणेदोन तास म्हणजे ‘ॲन अवर अँड थ्री क्वार्टर्स’. दीड वाजला : ‘हाफ पास्ट वन’. दीड तास : ‘ॲन अवर अँड अ हाफ’. पाऊण वाजला की ‘क्वार्टर टू वन’, पाऊण तास मात्र ‘थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन अवर’, नाहीतर सरळ ‘फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स’.

– ‘क्वार्टर टू टू’ कानाला विचित्रच. तिथे ‘वन फॉर्टी-फाइव्ह’ म्हटलेलं बरं. पण आकडे असे सरळ वाचताना ४.०५ला ‘फोर फाइव्ह’ म्हणू नका, ‘फोर ओ फाइव्ह’ म्हणा. शून्य गाळलं की ऐकणारा गोंधळतो. मिनिटं पाचाच्या पटीत नसतील तर ‘मिनिट्स’ शब्द घालतात : ‘टेन पास्ट फोर’, पण ‘सेव्हन मिनिट्स पास्ट फोर’. ‘ओ’क्लॉक’ फक्त पुऱ्या तासाला. ‘फाइव्ह थर्टी ओ’क्लॉक’ सर्रास ऐकू येतं, ते चूक.

– ‘हाफ सेव्हन’बद्दल सावध. ब्रिटिश बोलण्यात ते साडेसात, मधला ‘पास्ट’ गाळलेला. जर्मनमध्ये शब्दशः तेच म्हटलं की साडेसहा! अमेरिकेत ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ ऐकलंत तर तेही पावणेपाचच.

– रात्रीचे दोन?

– ‘टू इन द मॉर्निंग’. ‘टू इन द नाइट’ हे थेट मराठीतून उचललेलं. मध्यरात्र उलटली की इंग्रजीत ‘मॉर्निंग’ सुरू, बाहेर कितीही काळोख असो. रात्रीचे दहा मात्र ‘टेन ॲट नाइट’. दुपारचे बारा म्हणजे ‘ट्वेल्व्ह पी.एम.’, पण इथे भलेभले अडखळतात. ‘नून’ आणि ‘मिडनाइट’ वापरा. मुदत लिहायची असेल तर रात्री ११.५९ लिहावं, म्हणजे तारखेचाही घोळ उरत नाही.

– या सगळ्यापेक्षा ‘पर्यंत’ जास्त फसवतो, असं माझं मत. ‘पाचपर्यंत थांब’ : ‘वेट टिल फाइव्ह’. ‘पाचपर्यंत अर्ज दे’ : ‘बाय फाइव्ह’. थांबणं पाचापर्यंत सतत चालू राहतं, अर्ज त्याआधी एकदाच द्यायचा असतो. मराठीत हा फरक क्रियापद सांभाळतं, इंग्रजीत तो आधीच्या छोट्या शब्दावर पडतो. ‘सबमिट इट टिल फाइव्ह’ म्हणजे पाच वाजेस्तोवर अर्ज देतच राहा!