प्रति: तारणाची खात्री म्हणजे गर्व नव्हे का?

वर दादांनी लिहिलंय की "माझं तारण झालंय", म्हणजे देवानं मला पापातून सोडवून सार्वकालिक जीवन दिलंय, असं छातीठोक म्हणणं म्हणजे गर्व, मला तसं अजिबात वाटत नाही. आमची आजी सोलापुरात गिरणीत राबली, एक रविवार चर्चमधली उपासना चुकवली नाही, आणि शेवटच्या दिवसांत मात्र सारखी विचारायची, बाळा माझं काही कमी तर पडलं नाही ना रे? मी तिला बायबलमधलं योहान 10:28 वाचून दाखवलं, माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावणार नाही असं प्रभू येशू आपल्या लोकांबद्दल म्हणतो ते, म्हणजे पकड त्याची आहे आजी, तुझी नाही. मग ती शांत झोपली.

खात्री स्वतःच्या चांगुलपणावर ठेवली तर तो गर्वच, पण ती त्याच्या वचनावर आहे ना. 1 योहान 5:13 मध्ये तर स्पष्टच आहे, तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे कळावं म्हणूनच लिहिलंय. कॅथलिक मंडळी इथं वेगळं मानतात, 1547 साली त्यांच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने अशी ठाम खात्री नाकारली, आणि बायबलमधल्या इब्री 6 मधला, विश्वासातून मागे फिरणाऱ्यांना दिलेला इशारा वाचून मलाही धडकी भरतेच, तो कुणी हलक्यात घेऊ नये. पण मरणाऱ्या माणसाला "बघू काय होतंय" एवढंच सांगायचं? माझ्याच्यानं नाही होणार ते.