फोटो मोजू नका, झाडं बघा

वर एकांनी लिहिलंय, रानात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात महिन्याभरात चाळीस हरणं आली म्हणजे कळप वाढला; शिवाय हरणांसाठी मक्याचा ढीग टाका, असा सल्लाही इथे दिलाय. जरा थांबा! तीच मादी रोज संध्याकाळी त्याच वाटेने गेली तर एकटीच तीस फोटो देते. नर शिंगांच्या ठेवणीवरून ओळखता येतात, पण शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. माद्या तर जवळपास सारख्याच दिसतात. मी आकड्यापेक्षा माद्यांमागे पाडसं किती, हे जास्त बघेन.

आणि जमिनीकडे बघा. हरणाचं तोंड पोचतं तिथपर्यंत झाडं सरळ रेषेत खुडलेली दिसली, खाली नवी रोपं नसली, तर कळप जमिनीला जड झालाय. खात्री हवी असेल तर छोटा तुकडा उंच जाळीने बंद करा. वर्ष-दोन वर्षांत आतबाहेरचा फरक दिसतो.

मक्याच्या ढिगाच्या त्या सल्ल्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. एकाच जागी तोंडं घातली की लाळेतून रोग पसरतात. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) तर मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्या रोगावर औषधही नाही.